वेळ असल्यास

पाळकपदावरून निवृत्त झालो तेव्हा मंडळीने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. पार्सनेज रिकामं करताना पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतून उपदेशांच्या वह्या निघाल्या. चौतीस वर्षांच्या चौतीस वह्या. मी त्या रद्दीत घालायला निघालो होतो. बायको म्हणाली, "आम्ही दर रविवारी ऐकलंय. तुम्ही निदान एकदा वाचून तरी बघा."

लेंटचा काळ नुकताच सुरू झाला होता. चाळीस दिवस आणि चौतीस वह्या, म्हणजे हिशेब जमत होता. रोज पहाटे, चहा व्हायच्या आधी, एक वही वाचायची असा नेम धरला. पहिल्या काही वह्या वाचताना जुने सोबती भेटल्यासारखं वाटलं. अक्षर तेव्हा बरं होतं, उत्साह भलताच होता. पाचव्या वहीत एक गोष्ट डोळ्यांना खुपली. मग मागे जाऊन पाहिलं, तर ती पहिल्या चार वह्यांतही होती.

सेमिनरीत आम्हाला शिकवलं होतं की उपदेशाचे मुद्दे तीन असावेत. लोकांना त्याहून जास्त लक्षात राहत नाहीत. त्याप्रमाणे माझ्या प्रत्येक उपदेशाचे तीन मुद्दे शाईने लिहिलेले होते. त्यांच्या खाली एक आडवी रेघ. रेघेखाली पेन्सिलीने दोन शब्द: 'वेळ असल्यास'. आणि त्याखाली चौथा मुद्दा.

काना गावच्या लग्नावरचा उपदेश घ्या. मुद्दा पहिला, प्रभू आपल्या घरच्या आनंदात येतो. दुसरा, आपलं उणं त्याच्यापाशी सांगावं. तिसरा, चाकरांनी ऐकलं म्हणून चमत्कार झाला. रेघ. वेळ असल्यास: 'आपल्या लग्नांतला मानपान आणि हुंडा. मुलीच्या बापाचा द्राक्षारस कोण संपवतो?' चांगल्या शोमरोन्यावरच्या उपदेशात रेघेखाली होतं: 'बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या, सोयरीक करताना अजून मूळचे कोण म्हणून विचारतो.' जक्कयाच्या उपदेशात: 'मंडळीत व्याजाने पैसे लावणारे आहेत. चौपट राहू दे, घेतलेलं जास्तीचं तरी परत.'

खरा उपदेश रेघेखाली होता हे मला आज दिसतं. वरचे तीन मुद्दे खोटे नव्हते. पण समोर बसलेल्या एकाही माणसाला ते लागत नव्हते.

जो मुद्दा बोललो त्यापुढे बरोबरची खूण करायची मला सवय होती. शाईतल्या मुद्द्यांपुढे सगळीकडे खुणा आहेत. पेन्सिलीतल्या मुद्द्यांपुढच्या खुणा मी मोजल्या. चौतीस वर्षांत अकरा.

माझी ख्याती मात्र वेगळी होती. 'आमचे पाळकसाहेब लोकांच्या भाषेत बोलतात' असं आसपासच्या मंडळ्यांतून म्हणत. नव्या प्रचारकांचं शिबिर असलं की मला बोलावणं यायचं आणि विषय ठरलेला असायचा: श्रोता ओळखून उपदेश कसा करावा. मी तिथे रंगून बोलायचो, कारण या बाबतीत इतिहास माझ्या बाजूने उभा होता.

थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटापासून मी सुरुवात करत असे. १५७९ साली तो गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती. त्यांच्या कानांना ओवीची सवय होती, म्हणून त्याने ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणायलाही तो कचरला नाही. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांची भाषाच बंद करण्याचा हुकूम काढला. एकाने ऐकणाऱ्यासाठी स्वतःची जीभ बदलली, दुसऱ्याने ऐकणाऱ्याला जीभ बदलायला सांगितलं. कुणाच्या ओव्या देवळातून म्हटल्या गेल्या ते सांगायला नको, असं म्हटलं की शिबिरातली मुलं मान डोलवायची.

मग आमचं नगर. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली इथे आली. एकोणिसाव्या शतकातच इथल्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तन उचललं. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं तेच. आख्यान तेवढं ख्रिस्ताचं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते सांगत, आणि अभंग हा मराठी ख्रिस्ती माणसाचा श्वास झाला तो त्यांच्यामुळे. उलट पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं पवित्र शास्त्र मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, तेव्हा त्यांनी जड संस्कृत शब्द आणि हिंदू तत्त्वज्ञानातून आलेल्या संज्ञा कटाक्षाने टाळल्या. स्टीफन्सने 'वैकुंठ' घेतला, रमाबाईंनी असे शब्द नाकारले. पण दोघांच्या डोळ्यांसमोर ऐकणारं माणूसच होतं. स्टीफन्ससमोर पुराण ऐकत वाढलेले गोव्याचे लोक होते. रमाबाईंसमोर दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या बाया होत्या. १९२२ साली रमाबाई गेल्या त्याआधी ते काम पुरं झालं होतं.

आणि आपल्या शास्त्रातली 'भाकर'. पॅलेस्टाइनमधली गव्हाची किंवा जवाची रोटी मराठीत येताना भाकर झाली. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज भाकर मागतो आणि नगर-बीडच्या माणसाला त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही. चुलीवरची, पोटात जाणारी भाकर.

हे सगळं खरं आहे आणि मी ते आजही तसंच सांगेन. माझी चूक या माहितीत नव्हती. या थोर माणसांच्या रांगेत मी स्वतःला उभं करत होतो, ती चूक होती. ती कशी होती हे दोन उपदेशांतून कळतं. दोन्ही एकाच वहीत आहेत, सोळाव्या, आणि दोन्ही एकाच शास्त्रभागावर, मत्तयाच्या विसाव्या अध्यायावर.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा तो दाखला सगळ्यांना ठाऊक आहे. मालक पहाटे माणसं लावतो, दिवसाचा एक दीनार ठरवून. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला आणखी. शेवटी अकराव्या तासाला, म्हणजे सूर्य कलल्यावर, चौकात रिकामी उभी असलेली माणसंही घेतो. संध्याकाळी कारभारी मजुरी वाटतो तेव्हा शेवटच्यांपासून सुरुवात होते आणि सगळ्यांना एकेक दीनार मिळतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. मालक म्हणतो, ठरलं तेवढं मी दिलं, माझा चांगुलपणा तुला का सलतो?

पहिला उपदेश जानेवारीतला. गळीत हंगाम भरात होता. कारखान्याच्या माळावर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडल्या होत्या आणि त्यांत आमच्या ओळखीची नऊ ख्रिस्ती कुटुंबं होती, पाथर्डीकडून आलेली. रविवारी त्यांना सुट्टी नसते, म्हणून मीच संध्याकाळी तिकडे गेलो. बाया तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होत्या. पुरुष बैलांना वाढं टाकत होते. सगळे अंगावरचं पाचट झटकत येऊन बसले आणि मी उभा राहिलो.

तो उपदेश म्हणजे माझ्या कलेचा कळस होता. द्राक्षमळ्याचा मी उसाचा फड केला. कारभाऱ्याचा मुकादम केला. दीनार म्हणजे रोज. चौकातली रिकामी माणसं म्हणजे मजूर अड्ड्यावर डबा घेऊन उभे असलेले लोक, ज्यांना दुपार झाली तरी कुणी गाडीत घेत नाही. मुकादम शेवटच्यांना आधी पैसे देतो हे सांगताना मी मुकादमाची नक्कलही केली. लोक खळखळून हसले. एवढं जिवंत ऐकणं शहरातल्या बाकड्यांवर मला कधी मिळालं नव्हतं.

मग मी तात्पर्य सांगितलं. दुसऱ्याला काय मिळालं हे बघू नका. कुरकुर करू नका. देव न्यायी आहे, तो तुमचा वाटा बुडवणार नाही.

प्रार्थना सुरू करणार एवढ्यात पुढे बसलेली एक बाई बोलली. पन्नाशीची असावी, फडात राबणाऱ्या बाईचं वय सांगणं अवघड. उसाच्या पानांनी दोन्ही हातांवर बारीक चरे पडले होते, आणि एका बोटाला चिंधी बांधलेली होती.

"बाबा, एक इचारू का? त्या मळ्यात बाया व्हत्या का न्हाई?"

मी म्हणालो, "शास्त्रात तसं लिहिलेलं नाही, मावशी."

"असत्यालच की. बाईबिगर तोडणी व्हती व्हय? मंग त्यो दीनार मालकानं कुनाच्या हातात ठिवला? आमचा कोयता जोडीचा. मोळ्या मी बांधते, गाडी मी भरू लागते. उचल मातर ह्यांच्या अंगठ्यावर. दोघांचा मिळून एकच दीनार धरायचा का?"

लोक हसले. तिचा नवराही हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "चांगला प्रश्न विचारलात. पुढच्या वेळी सांगतो." प्रार्थना केली, मोटारसायकलला किक मारली. पुढच्या वेळेपर्यंत टोळी दुसऱ्या गटात गेली होती.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती टनावर फेडत राहायची. एक दिवस आजारी पडलं तर खाडा लागतो. एवढं सगळं मला ठाऊक होतं. फड, मुकादम, रोज हे शब्द मी उपदेशात वापरत होतो ते ठाऊक असल्यामुळेच. पण मी शब्दच घेतले आणि त्यांच्यातलं दुखणं जिथल्या तिथे ठेवलं. ज्यांच्याकडे सहा महिने कुरकुर करण्याचं त्राणही उरत नाही, त्यांना मी कुरकुर करू नका असं सांगितलं, आणि तेही त्यांच्याच भाषेत. परक्या भाषेत सांगितलं असतं तर कदाचित त्यांना कळलं नसतं, आणि ते बरं झालं असतं.

दुसरा उपदेश त्यानंतर तीन आठवड्यांनी, तालुक्याच्या गावच्या मंडळीत. इथे बाकड्यांवर शिक्षक, नर्सबाई, कारखान्याचे कारकून, दोन ट्रॅक्टरवाले बागायतदार आणि एक ऊसतोडीचा मुकादम. हा मुकादम माणूस म्हणून वाईट नव्हता. मंडळीचा स्पीकर सेट त्याने दिलेला, नाताळच्या सहभोजनाचा तांदूळ दरवर्षी त्याचाच. इथे मी फड, मुकादम, रोज यातला एकही शब्द काढला नाही. इथे अकरावा तास म्हणजे आयुष्याची संध्याकाळ झाली. शेवटी आलेले मजूर म्हणजे उशिरा पश्चात्ताप करणारे पापी. दीनार म्हणजे सार्वकालिक जीवन. देवाची कृपा कशी हिशेबापलीकडची आहे हे मी फार सुंदर सांगितलं.

हा अर्थ चुकीचा नाही. चर्चच्या इतिहासात या दाखल्याचा असा अर्थ कित्येकांनी लावला आहे. पण वहीत रेघेखाली पेन्सिलीने लिहिलं होतं: 'मालकाने ठरलेलं दिलं आणि संध्याकाळीच दिलं. मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नये असं नियमशास्त्र सांगतं. आपल्याकडे कामाला येणाऱ्यांचं काय? बायांचा वाटा?' बायांचा वाटा. म्हणजे मावशी माझ्या डोक्यात होती. मी तिला वहीपर्यंत आणलं आणि उपदेशपीठावर चढू दिलं नाही.

भक्ती संपल्यावर दारात हात मिळवताना मुकादम म्हणाला, "पाळकसाहेब, आज मन हलकं झालं."

त्या दिवशी ही मला पावती वाटली होती.

सहाव्या शतकाच्या शेवटी, ५९० च्या सुमारास, रोमचा पोप थोर ग्रेगरी याने पाळकांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्याचा तिसरा भाग बहुतेक सगळा याच विषयावर आहे: सगळ्यांना एकच उपदेश चालत नाही. पुरुषांना वेगळा, बायांना वेगळा. चाकरांना वेगळा, धन्यांना वेगळा. आनंदात असणाऱ्यांना एक आणि खिन्न असणाऱ्यांना दुसरा. अशा जोड्यांमागून जोड्या तो सांगत जातो. शिबिरात मी या पुस्तकाचं नाव घ्यायचो, माझ्या पद्धतीला दाखला म्हणून. पण त्यात गरीब आणि श्रीमंत यांच्याबद्दल तो काय म्हणतो ते मी कधी सांगितलं नाही. तो म्हणतो, गरिबाला धीर द्यावा आणि श्रीमंताला भीती घालावी. मी नेमकं उलटं केलं होतं. फडातल्यांना तंबी दिली आणि बाकड्यावरच्यांना दिलासा. दोन उपदेशांची नुसती अदलाबदल केली असती, फडावर कृपा सांगितली असती आणि तालुक्याला मजुरी, तरी दोन्ही ठिकाणी सुवार्ता झाली असती.

ग्रेगरीच्या बाबतीत श्रोता ओळखणं म्हणजे त्याचं दुखणं ओळखणं होतं. मी श्रोत्याचं सुख ओळखत होतो आणि त्याला धक्का लागणार नाही इतपत बोलत होतो. दोन्हीला आपण 'लोक बघून बोलणं' असंच म्हणतो. चौतीस वर्षं मी या शब्दांच्या सारखेपणाआड लपलो.

माझ्या बाजूनेही थोडं बोलायला हवं, नाहीतर हे आत्मपरीक्षण म्हणजे आणखी एक टाळ्यांचा उपदेश व्हायचा. ज्या अकरा मुद्द्यांपुढे खूण आहे, त्यातल्या एकाची मला न बोललेल्या मुद्द्यांहून जास्त लाज वाटते. एका रविवारी मी ठरवून आलो होतो की आज दारूवर बोलायचं, कुणाची भीड ठेवायची नाही. बोललो. दारुड्याच्या मरणाला देव जबाबदार नाही, असंही बोललो. तिसऱ्या बाकड्यावर एक तरुण विधवा बसली होती. तिच्या नवऱ्याला दारूनेच नेलं होतं, महिनाही झाला नव्हता. मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. मी माझ्या धैर्याकडे पाहत होतो. तिने पदर तोंडाला लावला आणि ती उठून गेली. नंतर घरी जाऊन मी माफी मागितली. ती म्हणाली, "खरंच बोललात तुम्ही." त्याने मला अजून वाईट वाटलं.

म्हणून मी असं म्हणणार नाही की श्रोत्याचा विचारच करू नये, खरं असेल ते तोंडावर फेकावं. तोंडावर फेकणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकायचा असतो. ऑगस्टीनने म्हटलं होतं की लोकांना कळणार असेल तर व्याकरणवाल्यांनी आपल्याला नावं ठेवली तरी चालतील. तो हिप्पोच्या साध्या माणसांसाठी आपली पंडिताई बाजूला ठेवत होता. ऐकणाऱ्यासाठी वक्त्याने काही सोडायचं असेल तर ते स्वतःचं सोडावं: आपली विद्वत्ता, आपली ऐट, आपला राग. मी सोडलं ते माझं नव्हतंच. ते वचनाचं होतं, आणि त्या मावशीचं होतं.

ही चूक माझ्याआधी माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसांकडूनही झाली आहे. १६०६ साली मदुराईला गेलेला रॉबर्ट डी नोबिली संन्याशाच्या वेषात राहिला, तमिळ आणि संस्कृत शिकला, शाकाहार पाळला. ब्राह्मणांना ख्रिस्त परका वाटू नये म्हणून. शेंडी-जानव्याला रोमने १६२३ साली परवानगीही दिली. त्याच्या विद्वत्तेपुढे आणि कष्टांपुढे मी वाकतो. पण पुढे त्या मिशनमध्ये वरच्या जातींसाठी एक धर्मगुरू आणि खालच्या जातींसाठी दुसरे अशी वाटणी झाली. ऐकणाऱ्यांची सवय जपता जपता त्यांची उतरंडही देवळात आली. आमच्याकडे बहुतेकांचे पूर्वज महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आले. त्यांच्याकडे सुवार्ता आली तीच मुळी माणूस म्हणून बरोबरीने बसण्याची. आणि त्यांच्या पणतवंडांना, सोयरिकीच्या वेळी ते एकमेकांत काय विचारतात हे विचारायला, मला वेळ नव्हता. तो मुद्दा सात वह्यांमध्ये आहे. सातही ठिकाणी पेन्सिलीने.

लेंटमध्ये पौल आणि प्रभू दोघांनीही मला सुटू दिलं नाही. पौल अथेन्सला गेला तेव्हा त्याने सुरुवात तिथल्याच अज्ञात देवाच्या वेदीपासून केली, त्यांच्याच कवींचा आधार घेतला. श्रोता बघून बोलण्याचा याहून चांगला नमुना नाही. पण तो वेदीपाशी थांबला नाही. पुनरुत्थानापर्यंत गेला, आणि तिथे लोकांनी त्याची टर उडवली. मोजक्यांनीच विश्वास ठेवला. पाळकाच्या नजरेने पाहिलं तर उपदेश पडलाच म्हणायचा. मी असतो तर पुनरुत्थान पेन्सिलीने लिहिलं असतं.

नासरेथच्या सभास्थानाची गोष्ट तर त्याहून वाईट. येशू आपल्या गावात बोलला, लोक खूश झाले, आपल्या योसेफाचा मुलगा किती गोड बोलतो म्हणून. तिथेच आशीर्वाद देऊन खाली बसता आलं असतं. पण त्याने पुढे सारफथच्या परक्या विधवेची आणि सुरियाच्या नामानाची गोष्ट काढली. देवाची कृपा तुमच्या गावची मिरास नाही, हा त्याचा चौथा मुद्दा होता. तो त्याने सांगितला, आणि गावाने त्याला डोंगराच्या कड्यापर्यंत ढकलत नेलं. शेतकऱ्यांशी बी-बियाण्याच्या आणि मोहरीच्या दाण्याच्या भाषेत बोलणारा, कोळ्यांशी जाळ्याच्या भाषेत बोलणारा हाच येशू. भाषा ऐकणाऱ्याची घ्यायची हे मी त्याच्याकडून शिकलो. कड्यापर्यंत जायचं मात्र शिकलो नाही.

स्वतःशी प्रामाणिक राहून एक प्रश्न मी रोज पहाटे विचारला: तुला कुणी अडवलं होतं का? उत्तर नाही असं आहे. कमिटीने कधी सांगितलं नाही की हुंड्यावर बोलू नका. मुकादमाने कधी भुवई चढवली नाही. छपराचे पत्रे, मुलीची फी, बदलीची धास्ती हे सगळं होतं, पण त्याचं नाव घेऊन कुणी मला दटावलं नव्हतं. लोकांना काय सहन होणार नाही हे मी त्यांच्या वतीने आधीच ठरवून टाकलं होतं. यात त्यांचाही अपमान होता. कदाचित त्या मुकादमाला सहन झालं असतं. कदाचित जक्कय त्याच बाकड्यावर बसलेला असता आणि त्याच संध्याकाळी त्याने वही उघडून कोयत्यांचा हिशेब बायांच्या नावाने मांडला असता. मी त्याला झाडावरून खाली यायची संधीच दिली नाही. उपदेशकाने श्रोत्याला कमी लेखण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यातला सगळ्यात सभ्य प्रकार माझा होता.

आमच्या मंडळीत आता नवे पाळक आले आहेत, तिशीचे. ते भिंतीवर स्क्रीन लावतात, क्रिकेटचे दाखले देतात, तरुणांसाठी उपदेशाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर टाकतात. जुनी माणसं माझ्याकडे येऊन कुरकुरतात की उपदेशाचा तमाशा झाला. मी त्यांना म्हणतो, स्टीफन्सच्या ओव्यांना आणि मृदंगालाही कुणीतरी नावं ठेवलीच असतील. स्क्रीन राहू द्या. परवा ते पाळक स्वतःच आले आणि विचारू लागले, "साहेब, लोकांशी किती जुळवून घ्यावं? तुमचा अनुभव काय?" मी त्यांना सोळावी वही दिली आणि मजुरांच्या दाखल्याची दोन्ही पानं उघडून दाखवली. म्हणालो, बदल करून झाला की स्वतःला एवढंच विचारा, या बदलाने समोरच्याला वचन कळायला सोपं झालं की टाळायला सोपं झालं. आणि सोपं नेमकं कुणाला झालं, त्याला की तुम्हाला.

त्यांनी पानं वाचली. मग वहीच्या मागच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय आहे?"

तिथे सेक्रेटरींनी त्या वर्षी ठरवून दिलेलं रविवारच्या भक्तीचं वेळापत्रक डकवलेलं होतं. गायन २० मिनिटं. शास्त्रवाचन १० मिनिटं. उपदेश २५ मिनिटं. सूचना १५ मिनिटं.

चौतीस वर्षांत सूचना एकाही रविवारी राहून गेल्या नाहीत.